मदत हवी आहे: लेकराच्या दम्याला झिंक-मॅग्नेशियमचं सिरप किती द्यावं?

पूर्णाकाठ: लेकराला दमा आहे. पंप चालू हाय तरी रात्री खोकायलंय. मेडिकलवाला म्हणायलाय, झिंक-मॅग्नेशियम कमी पडलंय, सिरप द्या, पंप सुटंल. किती एमएल द्यावं? लवकर सांगा.

बालाघाट: वय? वजन? पंपावर नाव काय? रंग सांगू नका, कंपनीगणिक बदलतो. सिरपच्या बाटलीवर झिंक किती लिहिलंय?

मृगसरी: सिरप-बिरप सोडा. मृग लागला की हैदराबादला माशातलं औषध देतात, तिकडं न्या. गाडीचं तिकीट आत्ताच काढा.

गोदाकाठ: मृगाला अजून किती महिने आहेत? लेकरू आज रात्री खोकणार आहे. शिवाय धाप लागलेल्या पोराला जिवंत मासा गिळवताना ठसका लागला तर?

मृगसरी: शाकाहाऱ्यांना गुळात देतात.

पूर्णाकाठ: वय ६, वजन १८ किलो. पंप साल्बुटामॉल, रोज रात्री दोन पफ. ब्युडेसोनाइडचा पण होता, बरं वाटलं म्हणून दिवाळीनंतर बंद केला. स्पेसर (पंपाला लावायची प्लास्टिकची नळी) आहे, पण लेकरू कंटाळतंय. बाटलीवर ५ एमएलला झिंक २० मिग्रॅ.

गोदाकाठ: बंद केलेला पंप, तिथंच घोळ आहे. साल्बुटामॉल नळ्या चार-सहा तास मोकळ्या करतं, आतली सूज तशीच राहते. सूज ब्युडेसोनाइड उतरवतं, तेही रोज घेतलं तर अन् सावकाश. साल्बुटामॉल रोज लागतंय म्हणजे दमा आटोक्यात नाही. याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा, डोस ते ठरवतील.
स्पेसर सोडू नका, नाहीतर बरंच औषध घशातच बसतं. पंप हलवा, एका वेळी एकच पफ, तोंडानं ५-६ संथ श्वास. दुसरा पफ अर्ध्या मिनिटानं. ब्युडेसोनाइडनंतर चूळ भरायला लावा. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच वाळवा. फडक्यानं पुसला की आतल्या भिंतीला औषध चिकटतं.

बालाघाट: झिंक २० मिग्रॅ हा जुलाब लागल्यावर द्यायचा डोस, तोही १४ दिवस. या वयाला अमेरिकी मानकात वरची मर्यादा जेवणासकट दिवसाला १२ मिग्रॅ. महिनोन्महिने जास्त गेलं तर तांबं कमी होऊन रक्त घटतं. मॅग्नेशियम मात्र दम्यात खरंच वापरतात.

गोदाकाठ: अर्धवट सांगू नका, लोक बाटली आणतील. ते जोराच्या झटक्यात, दवाखान्यात, शिरेतून, साधारण २० मिनिटांत, बीपी बघत. तोंडानं जास्त दिलं तर हगवण.

बालाघाट: बाटली आणा कोण म्हणालं? बाजरी, तीळ, शेंगदाण्यात भरपूर असतं एवढंच सांगणार होतो.

तूरवाला: तुरीची रास चालू आहे का? हडंब्याच्या (मळणीयंत्राच्या) भुसकटापासून लेकरू लांब ठेवा. चुलीत कापसाच्या पऱ्हाट्या असतील तर धूर पण बघा.

पूर्णाकाठ: रास घरामागंच हाय. मग सिरप अडीच एमएल देऊ का?

गोदाकाठ: अडीच म्हणजे १० मिग्रॅ. कशासाठी? तपासणीत झिंक कमी निघालं तर डॉक्टर देतील, पण पंप त्यानं सुटत नाही. बरगड्या आत ओढल्या, वाक्य पुरं बोलता येईना, ओठ निळे पडले तर १०८ ला फोन. गाडी येईस्तोवर स्पेसरमधून साल्बुटामॉल एकेक करून ४ ते ६ पफ.

मृगसरी: हैदराबादला नंबर आदल्या रात्रीपासून लागतो बरं का.