आडवी बाटली: 300 सह्या झाल्यात, अर्ज देऊ का?

करवीरकर: गावातलं देशी दारूचं दुकान बंद करायला महिलांचं मतदान घ्यायचंय (मतपत्रिकेवर आडवी बाटली म्हणजे बंद, उभी म्हणजे चालू). मतदार यादीत बायका 1,200. अर्जाला पंचवीस टक्के बायकांच्या सह्या लागतात, त्या हिशेबानं 300 जमल्यात. एवढ्यावर अर्ज द्यावा का? आणि बहुमत कशाचं धरतात?

पंचगंगाकाठ: देऊ नका, पडताळणीत टिकणार नाही. उत्पादन शुल्कचे अधिकारी गावात येऊन सह्या तपासतात. बाई हजर नाही, ओळखपत्र नाही किंवा नाव यादीशी जुळत नाही, की सही गेली. त्या दिवशी दहाजणी भांगलणीला गेल्या तर तुम्ही 290 वर. 420-450 सह्या घ्या, प्रत्येक सहीपुढे यादीभाग आणि अनुक्रमांक लिहा. अंगठा असेल तर शेजारी नाव स्वच्छ अक्षरात.

बहुमत एकूण यादीचं, झालेल्या मतांचं नव्हे. गावं इथंच हरतात. 800 जणी आल्या, 580 आडवी, 190 उभी, 30 बाद: दुकान चालूच राहणार, कारण 601 पाहिजेत. घरी बसलेली बाई उभ्या बाटलीलाच मत देते म्हणा ना.

शिरोळवाला: वरच्यांचं बरोबर, पण आधी यादी बघा. मयत आणि लग्न होऊन गेलेल्या पोरींची नावं वर्षानुवर्षं तशीच असतात. अर्जाच्या आधीच बीएलओकडं (मतदार यादीचं काम बघणारा केंद्रस्तरीय अधिकारी) नाव वगळायचा फॉर्म 7 द्या, एकेका नावाचा वेगळा. गठ्ठा घेत नाहीत. रीतसर 100 नावं कमी झाली तर 551 वर काम होतंय.

करवीरकर: आणि प्रचार? ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नोटीस लागंलच की.

पंचगंगाकाठ: फळा कोण वाचतंय दादा! दवंडी द्या, बचत गटांच्या बैठकीत दोन्ही चित्रं मोठी काढून दाखवा. उभी म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. म्हाताऱ्या बायकांचा हमखास गोंधळ होतो, त्यांना दुकान "उभं" करायचंय की "आडवं" असंच विचारा. शिक्का दोन्ही चित्रांवर गेला तर मत बाद.

तारीख जिल्हाधिकारी ठरवतात. रोपलावणीचे दिवस टाळावेत आणि गोकुळ शिरगाव, कागल एमआयडीसीत जाणाऱ्यांच्या सुट्टीचा वार धरावा, अशी विनंती अर्जातच लेखी करा.

शिरोळवाला: एक राहिलं. यानं परवान्याचं दुकान बंद होतं. हातभट्टी असेल तर ती तक्रार पोलिसांत, वेगळी.