पुण्याहून एका दिवसाच्या सहली: आजी-आजोबांचे गुडघे आणि चार वर्षांचं मूल सांभाळून

कोथरूडकर_सातजण

डिसेंबर ते फेब्रुवारीत तीन-चार रविवारी घरच्यांना घेऊन बाहेर पडायचं आहे. माणसं सात: आई-बाबा (७१ आणि ७६), आम्ही दोघं, बहीण, मुलगा ९ वर्षांचा आणि मुलगी ४ वर्षांची. गाडी सात आसनी. आईचे गुडघे दुखतात. सपाटीवर ती व्यवस्थित चालते, चढण सावकाश चढते, पण उंच पायऱ्या उतरताना त्रास होतो. मुलीला घाटात उलटी होते. मुक्काम करायचा नाही, रात्री आठच्या आत घरी यायचं.

माझ्या डोक्यात या तीन सहली आहेत:
१. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर आणि वेळ उरला तर नाणेघाट
२. जेजुरी आणि मोरगाव
३. कार्ले-भाजे (जमलं तर गाडी न नेता)

एका दिवसात किती बसेल, कोणत्या क्रमाने जावं आणि काय वगळावं?

मीनानदी

पहिल्या सहलीत तुम्ही चार ठिकाणं धरली आहेत. त्यातली दोन तरी काढा. अंतरं लहान आहेत, त्यामुळे नकाशावर सगळं सोपं वाटतं: नारायणगाव पुण्याहून ७५ किलोमीटर, तिथून जुन्नर १५, जुन्नरहून लेण्याद्री ५, शिवनेरीचा पायथा ३. अडचण पायऱ्यांची आहे. शिवनेरीला पायऱ्या, लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या. गुडघे दुखणाऱ्या माणसाला एका दिवसात दोन्ही झेपणार नाहीत. चढताना काही वाटत नाही, दुसरा डोंगर उतरताना गुडघा बोलायला लागतो आणि त्या वेळी मागे फिरायलाही वाट नसते.

शिवनेरी की लेण्याद्री, हे आधी घरी ठरवा. आई-बाबांसाठी मी लेण्याद्री म्हणेन, कारण तिथे डोली मिळते. डोलीचा दर पायथ्यालाच ठरवा आणि तो जाऊन-येऊन आहे का, हे स्पष्ट विचारा. वर जाऊन बसल्यावर परतीचं बोलणं काढलं तर घासाघीस करायला तुमच्या हातात काही राहत नाही. उतरताना त्रास होतो असं तुम्हीच लिहिलंय, तेव्हा पैसे वाचवायचेच असतील तर चढताना वाचवा. उतरताना डोली हवीच.

घड्याळ असं ठेवा:
सकाळी ६ ला कोथरूड सोडा. नाशिक फाटा ते चाकण हा टप्पा सातच्या आत मागे पडला पाहिजे. पुढे राजगुरुनगर, मंचर आणि नारायणगावला बाह्यवळण आहे. जुन्नरला जायचं तर नारायणगावच्या बाह्यवळणावरून सरळ पुढे न जाता गावाकडे वळावं लागतं. ते वळण चुकलं की बराच फेरा पडतो.
सव्वाआठला नारायणगावात नाश्ता. स्वच्छतागृहाचं कामही इथेच उरकून घ्या.
साडेनऊच्या आत लेण्याद्रीचा पायथा. डोंगराचं तोंड दक्षिणेला आहे, म्हणजे थंडीतही पायऱ्यांवर ऊन असतंच. अकराच्या पुढे दगड तापतात.
वर दीड तास धरा. गिरिजात्मजाची गुहा म्हणजे मूळचा बौद्ध विहार आहे, सातव्या क्रमांकाचं लेणं. एवढं मोठं दालन आणि मध्ये एकही खांब नाही, हे मुलांना मुद्दाम दाखवा. शेजारच्या सहाव्या लेण्यात चैत्य, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनागृह आहे. बहुतेक जण दर्शन घेऊन तसेच उतरतात, पण पन्नास पावलांवरचं हे लेणं बघायलाच हवं.
साडेबारापर्यंत ओझर, १४ किलोमीटर. गाडी मंदिराजवळ जाते, पायऱ्या फारशा नाहीत, मागे येडगाव धरणाचं पाणी आहे.
जेवून दोन-अडीचला परत निघा.

परतीच्या वेळेवर ठाम राहा. रविवारी संध्याकाळी पाचनंतर चाकण ते नाशिक फाटा या पट्ट्यात तासभर सहज जातो, आणि नेमक्या त्याच वेळी मुलं भुकेली, झोपाळलेली असतात.

माकडांचं: लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर हातात काहीही खायचं ठेवू नका. प्लास्टिकची पिशवी दिसली तरी ती झडप घालतात, रिकामी असली तरी. पाण्याची बाटली पाठीवरच्या बंद सॅकमध्ये ठेवा. मुलीच्या हातात बिस्किटाचा पुडा देऊ नका.

पायरी_पायरी

मीनानदींशी सहमत, एका बाबतीत थोडं वेगळं मत आहे. नऊ वर्षांच्या मुलाला या वयात शिवनेरी दाखवायला हवा. इयत्ता चौथीत शिवाजी महाराजांचं पुस्तक हातात असतं आणि जन्मस्थान घरापासून शंभर किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा लेण्याद्री काढून शिवनेरी ठेवा आणि आईंना अर्ध्यापर्यंतच न्या.

ते असं जमतं. सात दरवाज्यांची वाट बांधीव आहे आणि गाडी पायऱ्यांच्या सुरुवातीपर्यंत जाते. पाचवा, म्हणजे शिपाई दरवाजा ओलांडला की उजवीकडे शिवाई देवीच्या मंदिराची वाट फुटते. ज्यांना पुढे चढायचं नाही त्यांनी देवीपाशी बसावं. सावली असते, पाठ टेकता येते. बाकीचे अंबरखाना, गंगा-जमुना टाकी, शिवकुंज, जन्मस्थानाची इमारत आणि बदामी तलाव पाहून तासाभरात परत येतात. नुसतं 'खाली भेटू' असं ठरवू नका, जागा आणि वेळ दोन्ही ठरवा. कड्याच्या आड मोबाइलची रेंज जाते.

दोन सूचना. शिवनेरीच्या कड्यांवर मधमाश्यांची पोळी असतात. उग्र अत्तर, धूर आणि आरडाओरडा टाळा. माश्या उठल्याच तर हात झटकू नका, ओढणीने किंवा टॉवेलने तोंड-मान झाकून लांब चालत जा. दुसरी, १९ फेब्रुवारीच्या आगेमागे चार दिवस तरी तिकडे जाऊ नका. त्या गर्दीत पायऱ्यांवर थांबायलाही जागा मिळत नाही.

शिवनेरीला कड्यावरून साखळी धरून चढायची वाटही आहे, ती साखळीची वाट या सहलीत नाही. कोणी सुचवली तरी नाही.

कोथरूडकर_सातजण

दोघांचेही आभार. शिवनेरी आणि ओझर असंच करतो, लेण्याद्री वेगळ्या दिवशी. नाणेघाट पूर्ण काढावा का?

मीनानदी

हो, काढा. जुन्नरहून जायलाच ३० किलोमीटर, रस्ता अरुंद, आणि ती जागा घाईत बघायची नाही. सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख, जकातीचा दगडी रांजण आणि समोर तुटलेला कोकणकडा यासाठी सकाळ राखून ठेवा. चार वर्षांच्या मुलीला घेऊन कड्यापाशी थांबायचं तर एका मोठ्या माणसाने फक्त तिलाच धरायचं, फोटो दुसऱ्याने काढायचे. वाटेवर पूर गावात कुकडेश्वराचं मंदिर आहे. ही स्वतंत्र सहल करा.

शिवनेरीच्या दिवशी जेवायला नारायणगावच्या बाजूला मासवडी-रस्सा मिळाला तर जरूर घ्या, या भागाचा खास पदार्थ आहे. मुलांसाठी रस्सा तिखट पडतो, ताक-भात वेगळा सांगून ठेवा.

कऱ्हाकाठ

दुसऱ्या सहलीबद्दल. जेजुरी-मोरगाव हा क्रम बरोबर आहे, उलट करू नका. जेजुरीला पायऱ्या आहेत, मोरगावला जवळजवळ नाहीत. कष्टाचं काम सकाळी आटोपून घ्या.

आधी तिथी पाहा. सोमवती अमावास्या, चंपाषष्ठी, पौर्णिमा या दिवशी जेजुरी टाळा. संकष्टी आणि माघी गणेशजयंतीला मोरगावसकट सगळे अष्टविनायक टाळा. रविवार हा खंडोबाचा वार, त्यामुळे तुम्हाला शनिवार जमत असेल तर फार फरक पडेल. रविवारच हवा असेल तर साडेसातला पहिल्या पायरीवर असा.

रस्ता: कोथरूडहून सासवडला दोन वाटा. कात्रज-कोंढवा करून बोपदेव घाट, किंवा हडपसरहून दिवेघाट. बोपदेव जवळचा पण वळणं आणि चढ तीव्र आहेत. मुलीला उलटी होते तर दिवेघाट घ्या, मात्र तिथे रस्त्याचं काम चालू असेल तर थांबावं लागतं. निघताना तिला दूध देऊ नका. कोरडं काहीतरी थोडं खायला द्या, सासवडला थांबून नाश्ता करा. गाडीत तिला मधल्या रांगेत मध्यभागी बसवा, म्हणजे समोरचा रस्ता दिसतो. मोबाइलवर काही पाहायला देऊ नका, उलटीचं निम्मं कारण तेच असतं. औषध द्यायचं असेल तर ते तिच्या डॉक्टरांना विचारून, घाटाच्या आधी अर्धा तास.

गडाच्या पायऱ्या रुंद आहेत, पण काही ठिकाणी उंच आणि झिजून गुळगुळीत. त्यावर भंडारा पडलेला असतो, आणि कोरड्या भंडाऱ्यावरून पाय सरकतो. आईंनी कठड्याच्या कडेने उतरावं, एक माणूस त्यांच्या पुढे एक पायरी खाली असावा. शेजारी चालून उपयोग नाही, तोल पुढे जातो. अनवाणी चालायचं असतं, दहानंतर फरशी चटके देते. सर्वांसाठी जाड सुती मोजे ठेवा.

भंडाऱ्याचे डाग: कपडे आधी कोरडेच झटका, ओलं फडकं लावू नका. साबण लावला की हळद लालसर होते, घाबरू नका, साबणातल्या क्षारामुळे रंग तसा पालटतो. धुऊन कडक उन्हात वाळवा, हळदीचा रंग उन्हाने उडतो. गाडीच्या आसनांवर घरून निघतानाच जुन्या चादरी घाला. आसनाच्या कापडाला लागलेला भंडारा मात्र सहज जात नाही, कारण ते धुऊन उन्हात टाकता येत नाही.

जेजुरीहून मोरगाव १७ किलोमीटर. तिथे मुलांना विचारा, नंदी कोणत्या देवासमोर असतो? मग मयूरेश्वरासमोरचा मोठा नंदी दाखवा. गणपतीपुढे नंदी सहसा दिसत नाही.

परत त्याच वाटेने येऊ नका. मोरगाव, सुपे, चौफुला, मग सोलापूर रस्ता धरून हडपसर. घाट नाही, मुलीला बरं. सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, माळरानावर चिंकारा दिसतात, पण भर दुपारी ते झुडपात बसून असतात. साडेतीन-चारला पोचत असाल तरच थांबा.

माळावरचा_दगड

कऱ्हाकाठ यांनी सांगितलेल्या परतीच्या रस्त्यावरच, यवतहून आत भुलेश्वर आहे. त्याचा कोणी उल्लेख केला नाही. गुडघेदुखीवाल्यांसाठी पुण्याभोवती यापेक्षा चांगलं शिल्पमंदिर नाही. गाडी टेकडीवर जवळपास मंदिरापर्यंत जाते. बाहेरून किल्ल्यासारखी भिंत दिसते, आत शिरल्यावर जिना लागतो, तो अरुंद आणि अंधारा आहे. एवढा एकच अडथळा. हातात विजेरी ठेवा, आईंना सावकाश चढवा. आत बसलेल्या स्थितीतली स्त्रीरूपातली गणेशमूर्ती आहे, ती मुलांना शोधायला लावा. मूर्ती बऱ्याच भंगलेल्या आहेत, तरी कोरीव काम इतकं बारीक आहे की तास कमी पडतो.

पण जेजुरी, मोरगाव आणि भुलेश्वर तिन्ही एका दिवशी नकोत. जेजुरीला गर्दी मिळाली तर ती गाळून मोरगाव-भुलेश्वर करा. गर्दीच्या रविवारी ही पर्यायी जोडी हाताशी असू द्या.

लोकलचा_डबा

कार्ले-भाजे गाडीशिवाय छान होतं. पुणे-लोणावळा लोकल, उतरायचं मळवलीला, साधारण सव्वा तास. कोथरूडहून शिवाजीनगर स्थानक सोयीचं. सकाळची लवकरची लोकल घ्या आणि परतीची वेळ निघण्यापूर्वीच पाहून ठेवा, कारण दुपारी लोकलमध्ये मोठा खंड पडतो. त्याआधीची गाडी चुकली तर मळवलीच्या फलाटावर लहान मुलांना घेऊन बसून राहावं लागतं.

मळवलीहून भाजे दोन किलोमीटर, कार्ले चारच्या आसपास, आणि दोन्ही विरुद्ध दिशांना. सात जणांना दोन रिक्षा लागतील. थांबून परत आणण्याचे पैसे धरून ठरवा, वाटेत रिकामी रिक्षा मिळेलच असं नाही.

आईंसाठी दोन्हीपैकी एकच करा. भाज्याला पायऱ्या कमी आणि चढ सौम्य. कार्ल्याला चढ जास्त, शिवाय एकवीरेच्या दर्शनाची रविवारची गर्दी त्याच पायऱ्यांवर. पण कार्ल्याचा चैत्य सुमारे ४५ मीटर लांब आणि १४ मीटर उंच आहे, छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अजून टिकून आहेत. तो एकदा तरी बघायलाच हवा. रविवारी भाजे, आणि कार्ले एखाद्या आडवारी, असं वाटून घ्या.

दोन्ही लेणी पश्चिमाभिमुख आहेत. त्यामुळे सकाळी डोंगराची सावली पायऱ्यांवर असते, चढायला उत्तम. दुपारनंतर ऊन थेट चैत्याच्या आत शिरतं, फोटोंना ते चांगलं, पण चढणाऱ्यांना तापदायक. तुम्ही सकाळ निवडा, आत गेल्यावर पाच मिनिटं नुसते उभे राहा, डोळे सरावले की छत दिसायला लागतं. पुरातत्त्व खात्याचं तिकीट दोन्हीकडे वेगळं, १५ वर्षांखालच्या मुलांना लागत नाही.

एस.टी.ने कुठे जाणार असाल तर बाबांचं वय ७५ च्या वर आहे, त्यांना साध्या गाडीत भाडं नाही. आई आणि बहीण यांना अर्धं तिकीट. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड जवळ ठेवा.

कोथरूडकर_सातजण

ठरलं: पहिल्या रविवारी भाजे, मग शिवनेरी-ओझर, मग शनिवार साधून जेजुरी-मोरगाव, आणि गर्दी दिसली तर मोरगाव-भुलेश्वर. सात जणांना पाणी किती न्यावं?

पायरी_पायरी

गाडीने जाताना दहा लिटर: पाच लिटरचा एक कॅन गाडीत, बाकी एक-एक लिटरच्या पाच बाटल्या. चढताना प्रत्येक मोठ्या माणसाच्या पाठीवर एक बाटली, सगळं पाणी एकाकडे देऊ नका. मंडळी पायऱ्यांवर पुढे-मागे होतात आणि तहान नेमकी मागे राहिलेल्याला लागते. आईंची काठी घरी वापरत नसल्या तरी सोबत घ्या, उतरताना हवी. काठीच्या टोकाचं रबर झिजलेलं असेल तर आधी बदला, गुळगुळीत दगडावर झिजलेलं रबर सटकतं.