अँडोरात थांबायचंच, पण व्हिसा बघून

वर कुणीतरी लिहिलंय की बार्सिलोना ते तुलूझ जाताना अँडोरात (स्पेन आणि फ्रान्सच्या मधला चिमुकला देश) थांबू नका, नुसती दुकानंच आहेत. अर्धं पटलं. पास दे ला कासा हे फ्रान्सच्या सीमेवरचं गाव म्हणजे परफ्युम, दारू, सिगारेटचा बाजार. तिथे पेट्रोल भरा (कर कमी, त्यामुळे फ्रान्सपेक्षा स्वस्त) आणि निघा. पण कानिलोजवळ रस्त्याला लागूनच सांत जोआन दे कासेलेस हे जुनं दगडी चर्च आहे, तिथे आम्ही तासभर रेंगाळलो. पुढे बोगदा टाळून एनव्हालिरा खिंडीतून गेलो, उंची २४०८ मीटर. जूनमध्येही स्वेटर घालावा लागला!

एक मात्र नीट बघा. अँडोरा शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांचा गट) नाही. त्यांचा वेगळा व्हिसा नसतो, पण तिथून परत येणं म्हणजे शेंगेनमध्ये दुसऱ्यांदा प्रवेश. भारतीय पासपोर्टवर सिंगल एंट्री असेल तर पंचाईत. आणि युरोपचं सिमकार्ड तिथे चालेलच असं धरू नका. युरो चालतो, पण देश युरोपीय संघात नाही, त्यामुळे रोमिंगचे वेगळे पैसे पडू शकतात. आमच्या हिने सीमा ओलांडल्यावर दोन व्हिडिओ कॉल केले. बिलाचा आकडा इथे लिहीत नाही.