श्वसनोपचाराच्या पदवीसाठी बारावीच्या वर्षात कोणती तयारी करावी?

प्रश्न : बारावीची विद्यार्थिनी, डिचोली

सर्व ज्येष्ठांना नमस्कार. मी डिचोली तालुक्यातील एका हायर सेकंडरीत बारावी विज्ञान शाखेत शिकते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे माझे विषय आहेत. बारावीनंतर श्वसनोपचार, म्हणजे रेस्पिरेटरी थेरपी, या विषयात पदवी घेण्याचा माझा विचार आहे. आमचा भाग खाणपट्ट्यातला. दम्याचे आणि जुनाट खोकल्याचे रुग्ण वाड्यावर पाहतच मी मोठी झाले. गेल्या वर्षी आजोबांना अतिदक्षता विभागात बायपॅपवर, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणाऱ्या यंत्रावर, ठेवले होते. त्यांचा मास्क नीट बसवणारे, यंत्रावरचे आकडे बदलून त्यांच्याकडे लक्ष देत थांबणारे आणि घाबरलेल्या आजोबांना यंत्राच्या लयीत श्वास घ्यायला शिकवणारे गृहस्थ श्वसनोपचार तज्ज्ञ होते, हे आम्हांला नंतर कळले. तेव्हापासून हा विषय मनात आहे.

बोर्डाच्या अभ्यासाव्यतिरिक्त मी आणखी काय वाचावे? संस्था निवडताना नेमके काय पाहावे? माझे प्राथमिक शिक्षण गावातल्या सरकारी मराठी शाळेत झाले असून इंग्रजी लिहिता-वाचता येते, पण बोलताना अडखळायला होते. मुलाखत घेतली गेली तर त्याचा तोटा होईल का? घरच्यांचे म्हणणे असे की नर्सिंगला जावे, कारण त्यात नोकरीची खात्री आहे. त्यांना काय सांगावे हेही मला कळत नाही.

उत्तर : श्वसनोपचार तज्ज्ञ, मडगाव

तुझा प्रश्न वाचून आनंद झाला, कारण या अभ्यासक्रमाला येणारी बरीच मुले दुसरीकडे प्रवेश मिळाला नाही म्हणून आलेली असतात आणि पहिल्याच वर्षी गोंधळतात. तू काम प्रत्यक्ष पाहून येते आहेस. तरीही तू पाहिलेस तो या कामाचा एक भाग आहे, म्हणून बाकीचेही सांगते.

आमचा दिवस अतिदक्षता विभागातील प्रत्येक व्हेंटिलेटर तपासण्यापासून सुरू होतो. धमनीतील रक्ताचा नमुना घेऊन त्यातील वायू तपासणे, ज्याला आम्ही एबीजी म्हणतो, घशातील नळीतून कफ ओढून काढणे, नेब्युलायझर देणे, ट्रॅकिऑस्टॉमीची (गळ्यावर छेद देऊन श्वासनलिकेत बसवलेल्या नळीची) काळजी घेणे, नवजात अर्भकांना सीपॅप (सतत हलक्या दाबाने हवा देणारे यंत्र) लावणे, बाह्यरुग्ण विभागात स्पायरोमेट्री (फुंकायला लावून फुफ्फुसांची क्षमता मोजणारी चाचणी) करणे आणि रुग्ण बरा होऊ लागला की त्याला टप्प्याटप्प्याने यंत्रावरून मोकळे करणे, ही सर्व कामे आमच्याकडे असतात. रात्रपाळी चुकत नाही. हृदयक्रिया बंद पडल्याची हाक आली की श्वासमार्ग सांभाळायला धावावे लागते, आणि सर्व प्रयत्न करूनही रुग्ण दगावतो असे प्रसंग येतातच. कफ, रक्त आणि मृत्यू यांच्याजवळ उभे राहण्याची आपली तयारी आहे का, याचा विचार अर्ज भरण्याआधी शांतपणे करावा.

या कामात आकड्यांना किती महत्त्व आहे ते एका उदाहरणाने सांगते. व्हेंटिलेटरवरील रुग्णाला एका श्वासात किती हवा द्यायची हे त्याच्या प्रत्यक्ष वजनावर ठरवत नाहीत, ते उंचीवरून काढलेल्या अपेक्षित वजनावर ठरवतात, कारण माणूस स्थूल झाला म्हणून त्याची फुफ्फुसे मोठी होत नाहीत. १५५ सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीचे अपेक्षित वजन सुमारे ४८ किलो येते. तिचे प्रत्यक्ष वजन ८० किलो असले तरी दर किलोला ६ मिलिलिटर या हिशेबाने तिला सुमारे २९० मिलिलिटर हवा द्यायची असते. प्रत्यक्ष वजन धरले तर हाच आकडा ४८० होतो, आणि आधीच सुजलेल्या फुफ्फुसांना तो इजा करतो. २००० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, फुफ्फुसांना तीव्र इजा झालेल्या रुग्णांना दर किलोला १२ ऐवजी ६ मिलिलिटर हवा दिल्यावर मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. ज्या मुलीला असे हिशेब आवडतात आणि त्यामागचे कारण जाणून घ्यावेसे वाटते, तिने या क्षेत्रात जरूर यावे.

संस्था निवडताना इमारत आणि जाहिरात पाहू नकोस, तिला जोडलेले रुग्णालय पाहा. त्याच संस्थेचे मोठे रुग्णालय आहे का, प्रौढांचे, मुलांचे आणि नवजात अर्भकांचे असे वेगवेगळे अतिदक्षता विभाग आहेत का, शिकवणाऱ्यांपैकी किती जण स्वतः श्वसनोपचाराचे पदवीधर आहेत आणि इंटर्नशिप त्याच रुग्णालयात होते की मुलांना ती स्वतः शोधावी लागते, हे स्पष्टपणे विचारावे. गोव्यातल्या मुलांना जवळचे पडते ते उडुपीजवळचे मणिपाल; तिथला अभ्यासक्रम शेवटच्या वर्षाच्या इंटर्नशिपसह चार वर्षांचा आहे. कर्नाटकातील राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या काही संलग्न महाविद्यालयांत रेस्पिरेटरी केअर टेक्नॉलॉजी या नावाने पदवी मिळते, आणि कोचीच्या अमृता संस्थेतही श्वसनोपचाराची पदवी आहे. नावे थोडी वेगळी असली तरी हरकत नाही, पण भूलतंत्रज्ञान किंवा परफ्यूजन (शस्त्रक्रियेत हृदय-फुफ्फुस यंत्र चालवणे) हे वेगळे अभ्यासक्रम आहेत. प्रवेशाच्या वेळी कोणी "हे सगळे एकच" असे सांगू लागले तर त्यावर विश्वास ठेवू नये.

उत्तर : भौतिकशास्त्राचा शिक्षक, फोंडा

ताईंनी कामाविषयी सांगितलेच आहे. मी फक्त अभ्यासाविषयी लिहितो. प्रवेशासाठी बऱ्याच संस्था बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय आणि किमान ५० टक्के गुण मागतात. काही संस्था गुणांवर प्रवेश देतात, तर काही स्वतःची परीक्षा घेतात, म्हणून त्या वर्षीचे माहितीपत्रक मुळातून वाचावे. मात्र खरी तयारी तुझ्या अकरावीच्या वह्यांमध्ये आहे, त्या रद्दीत देऊ नकोस. श्वसन आणि वायूंची देवाणघेवाण हा जीवशास्त्रातील पाठ, भौतिकशास्त्रातील द्रायूंचे (द्रव व वायूंचे) गुणधर्म आणि वायूंचे नियम हे तीन पाठ एकत्र ठेवून वाच. शाळेत आम्ही ते वेगवेगळ्या तासांना शिकवतो, पण रुग्णाच्या छातीत ते एकाच वेळी चालू असतात.

एक गणित करून पाहा. निरोगी माणूस एका श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा घेतो. त्यातील सुमारे १५० मिलिलिटर हवा श्वासनलिकांमध्येच राहते आणि तिची रक्ताशी देवाणघेवाण होत नाही. मिनिटाला १२ श्वास धरले तर एकूण ६ लिटर हवा आत जाते, पण वायुकोशांपर्यंत पोचते ती ३५० गुणिले १२, म्हणजे ४.२ लिटर. आता दुसरा रुग्ण घे. तो मिनिटाला २४ वेळा उथळ श्वास घेतो आणि प्रत्येक श्वास २५० मिलिलिटरचा आहे. एकूण हवा तितकीच, ६ लिटर. पण वायुकोशांपर्यंत पोचणारी हवा केवळ १०० गुणिले २४, म्हणजे २.४ लिटर. दुरून पाहणाऱ्याला वाटते की हा रुग्ण भराभर श्वास घेतो आहे, म्हणजे त्याला भरपूर हवा मिळत असणार. प्रत्यक्षात त्याच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत चाललेला असतो. हे गणित ज्याला मनापासून पटले त्याला पुढची चार वर्षे जड जाणार नाहीत, असे माझे मत आहे.

दुसरे गणित डाल्टनच्या नियमाचे, म्हणजे मिश्रणातला प्रत्येक वायू आपल्या वाट्याइतका दाब देतो या नियमाचे. समुद्रसपाटीवर हवेचा दाब ७६० मिलिमीटर पारा असतो. श्वासमार्गात बाष्पाचा दाब ४७, म्हणून उरले ७१३. हवेत प्राणवायू २१ टक्के, म्हणून त्याचा वाटा सुमारे १५०. त्यातून रक्तातील कार्बन डायऑक्साइडचा दाब, म्हणजे ४०, भागिले ०.८ (हे श्वसन गुणोत्तर) असे ५० वजा केले की वायुकोशातील प्राणवायूचा दाब १०० येतो. तुझ्या पाठ्यपुस्तकात १०४ दिला आहे, म्हणजे उत्तर जवळचेच आहे. आता कार्बन डायऑक्साइड ४० ऐवजी ८० धर आणि उत्तर पुन्हा काढ. ते ५० येईल. फुफ्फुसे निरोगी असूनही, गुंगीत मंद श्वास घेणाऱ्या माणसाचा प्राणवायू का उतरतो, हे या एका वजाबाकीतून कळते.

पॉयझॉयचा नियमही समजून घे. नलिकेची त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाहाला होणारा रोध दुप्पट होत नाही, तो १६ पट होतो. तान्ह्या बाळाला साध्या सर्दीनेही इतका त्रास का होतो, याचे उत्तर त्यात आहे. आणि साधा भागाकारही कच्चा ठेवू नकोस. मोठ्या जंबो सिलिंडरमध्ये सुमारे ७,००० लिटर प्राणवायू असतो. मिनिटाला १० लिटर दिला तर तो ७०० मिनिटे, म्हणजे ११ तास ४० मिनिटे पुरतो. २०२१ च्या मे महिन्यात, कोविडच्या लाटेत, हा हिशेब किती मोलाचा असतो ते आपण सर्वांनी पाहिले.

उत्तर : एका विद्यार्थ्याचा पालक, पेडणे

माझा मुलगा सध्या कर्नाटकात हाच अभ्यासक्रम शिकतो आहे. कोकण रेल्वेमुळे उडुपीपर्यंतचा प्रवास सोयीचा आहे, त्यामुळे अंतराची भीती तुझ्या घरच्यांनी बाळगू नये. पैशांचा विचार मात्र आधीच करावा. शुल्काबरोबर वसतिगृह, जेवण, गणवेश आणि पुस्तके यांचा चारही वर्षांचा अंदाज लिहून काढावा, केवळ पहिल्या वर्षाचा पाहू नये. गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची योजना आहे. तिच्या अटी आणि मुदत परीक्षा सुरू होण्यापूर्वीच पाहून ठेवाव्यात. मामलेदार कार्यालयातून मिळणारा वास्तव्याचा दाखला आणि लागू असल्यास जातीचा व उत्पन्नाचा दाखला निकालानंतर काढायला गेल्यास गर्दी असते, म्हणून ती कामे आत्ताच उरकावीत.

आणखी एक गोष्ट वडिलांना जरूर सांग. संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी केंद्राने २०२१ साली स्वतंत्र राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला असून शिक्षणाचा किमान दर्जा आणि व्यावसायिकांची नोंदणी ही कामे त्याच्या कक्षेत येतात. त्यामुळे संस्थेची पदवी कोणत्या विद्यापीठाची आहे आणि पुढे नोंदणीला ती चालेल का, हे लेखी विचारून मगच पैसे भरावेत. आमच्याकडे एका संस्थेच्या प्रतिनिधीने फोनवर भरमसाट आश्वासने दिली होती, पण लेखी उत्तर मागितल्यावर ते शेवटपर्यंत आले नाही, म्हणून आम्ही ती संस्था सोडून दिली.

विद्यार्थिनी, डिचोली

ताई, सर आणि काका, आपण इतक्या आपुलकीने आणि सविस्तर लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. सरांची दोन्ही गणिते करून पाहिली. ताई, नर्सिंगविषयीचा घरच्यांचा प्रश्न आणि मुलाखतीतले इंग्रजी, याविषयी आपले मत कळले तर बरे होईल. तसेच प्रवेशापूर्वी अतिदक्षता विभाग पाहायला मिळेल का?

उत्तर : श्वसनोपचार तज्ज्ञ, मडगाव

घरच्यांचे म्हणणे चुकीचे नाही, आणि त्यांना तसे प्रामाणिकपणे सांगावे. नर्सिंगच्या जागा गावोगावच्या आरोग्य केंद्रांपासून सर्वत्र असतात. आमच्या जागा मुख्यतः अतिदक्षता विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयांत असतात. गोव्यात त्या मोजक्या आहेत, म्हणून सुरुवातीची काही वर्षे बंगळूर, कोची किंवा मुंबईला काढण्याची तयारी हवी. आखाती देशांत मागणी आहे, पण तिथे अनुभव, परवाना परीक्षा आणि प्रमाणपत्रांची पडताळणी लागते. अमेरिकेचे स्वप्न कोणी दाखवले तर एवढे लक्षात ठेव की तिथली व्यावसायिक परीक्षा देण्यासाठी तिथल्या मंडळाने मान्य केलेल्या अभ्यासक्रमाची पदवी लागते. रुग्णाची सर्वांगीण शुश्रूषा करावीशी वाटत असेल तर नर्सिंग घे, त्यात कमीपणा काहीच नाही. एकाच अवयवसंस्थेत खोलवर जावे, यंत्र आणि रुग्ण यांचा मेळ घालावा, असे वाटत असेल तर इकडे ये. यांपैकी तुला काय हवे ते घरात कोणीही ठरवू नये. ते तूच ठरवायचे आहे.

इंग्रजीसाठी वक्तृत्वाचे वर्ग लावू नकोस. सरांनी दिलेली गणिते रोज एकेक घेऊन, समोर कोणी नसले तरी, मोठ्याने इंग्रजीत समजावून सांग. मुलाखत घेणारे व्याकरणापेक्षा समज पाहतात, आणि न येणाऱ्या प्रश्नाला "मला ठाऊक नाही" असे सरळ सांगणारी मुलगी त्यांना आवडते, कारण रुग्णाजवळ अंदाजाने उत्तर देणारा माणूस धोकादायक असतो. आजोबांविषयी तू इथे जे लिहिलेस तेच तिथे साध्या शब्दांत सांग.

अतिदक्षता विभाग बाहेरच्यांना दाखवत नाहीत आणि ते योग्यच आहे. त्याऐवजी शाळेच्या पत्रासह एखाद्या छातीरोग तज्ज्ञांना विनंती कर. बाह्यरुग्ण विभागातील स्पायरोमेट्री पाहू देतात असा अनुभव आहे. ज्या माणसाला जोरात फुंकायचे कळत नाही, त्याला तंत्रज्ञ किती तऱ्हांनी समजावतो, तेवढेच पाहिलेस तरी पुष्कळ. जमल्यास सीपीआरचे, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून त्याला वाचवण्याच्या प्रथमोपचाराचे, प्रशिक्षण घे. मोठ्या माणसाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर दाबायची असते, आणि दोन मिनिटांतच हात भरून येतात, हे स्वतः केल्याशिवाय कळत नाही.

एक काम मात्र आत्ताच कर. रुग्णांजवळ पाठवण्यापूर्वी महाविद्यालये हिपॅटायटिस बी लसीची नोंद मागतात. लहानपणी घेतली असेल तर ते कार्ड शोधून ठेव. घेतली नसेल तर पहिली मात्रा, त्यानंतर एका महिन्याने दुसरी आणि पहिलीपासून सहा महिन्यांनी तिसरी असा क्रम असतो, त्यामुळे निकालाची वाट पाहत बसलीस तर वर्ग सुरू होईपर्यंत तो पूर्ण होणार नाही.