मदत हवी आहे: मॅग्नेशियम-३२ चं पीक (गॅमाच्या आलेखातलं शिखर) जागेवर बसत नाही

मंडळी, दोन आठवडे डोकं फोडून झालं, आता जाणकारांनीच प्रकाश टाकावा.

प्रकल्पासाठी मॅग्नेशियम-३२ (१२ प्रोटॉन, २० न्यूट्रॉन) या केंद्रकाचा डेटा आहे. जपानच्या रायकेन संशोधन संस्थेत झालेल्या आणि १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाचीच पद्धत: या केंद्रकांचा वेगवान बीम (झोत) शिशाच्या टार्गेटवर जातो, केंद्रक उत्तेजित होतं आणि धावता धावताच गॅमा किरण सोडतं. भोवती सोडियम आयोडाइडचे डिटेक्टर. बीटा (वेग, प्रकाशवेगाच्या पटीत) ०.४०.

याची पहिली उत्तेजित पातळी ८८५ केईव्हीवर (हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचं माप) हवी. (सिलिकॉन-३४ मध्येही न्यूट्रॉन २०च, पण तिथे ती ३३२७ वर! दोन प्रोटॉन कमी झाले आणि २० या जादुई संख्येची (कवच पूर्ण भरतं, म्हणून केंद्रक सहज उत्तेजित होत नाही) जादूच गेली.) मला मात्र डॉप्लर दुरुस्तीनंतर (केंद्रकाच्या वेगामुळे बदललेली गॅमाची ऊर्जा मूळ मापात आणल्यावर) बीमच्या दिशेपासून ३० अंशांवर ८६९, ९० वर ८९० आणि १२० वर ८९८ मिळतंय. ओळखीचं पीक (शेतातलं नव्हे) असं हलायला लागलं, तर पुढच्या अनोळखी रेषांवर विश्वास कसा ठेवू?

कॅलिब्रेशन चोख आहे. स्थिर ठेवलेल्या सीझियमची ६६२ आणि कोबाल्टच्या ११७३, १३३२ या ओळखीच्या रेषा बरोबर येतात.

प्रतिसाद: डॉप्लरच्या सूत्रात कोसाइनचं चिन्ह उलटं पडलंय का?

धागाकर्ता: नाही हो, तसं असतं तर ३० अंशांवर आकडा दुपटीच्या आसपास गेला असता. एकदा तोही पराक्रम करून झालाय.

दुसरा प्रतिसाद: ०.४० हा बीटा टार्गेटच्या आधीचा ना? पुढे कमी, मागे जास्त ही बीटा जास्त धरल्याची खूण. शिशात वेग घटतो. त्यात या पातळीचं सरासरी आयुष्य १६ पिकोसेकंदांच्या आसपास, तेवढ्यात केंद्रक दोनेक मिलिमीटर पुढे जातं. शिसं किती जाड आहे?

धागाकर्ता: अर्ध्या मिलिमीटरहून कमी.

दुसरा प्रतिसाद: मग बहुतेक गॅमा टार्गेटच्या बाहेर सुटतायत. टार्गेटच्या मध्यावरचा बीटासुद्धा नको, बाहेर पडतानाचा घ्या.

धागाकर्ता: काय सांगू! ऊर्जाक्षय काढला, बीटा ०.३८ आला. आता ८८४, ८८१, ८८३. पण तिन्ही किंचित खालीच का? ९० अंशांवर तर चार केईव्ही.

दुसरा प्रतिसाद: तेच दोन मिलिमीटर. कोन तुम्ही टार्गेटपासून मोजताय, गॅमा सुटतोय त्याच्या पुढून. खरा कोन थोडा मोठा, म्हणून सगळे आकडे एकाच बाजूला सरकले. डिटेक्टर २० सेंटिमीटरवर असतील तर ९० अंशांवर साडेतीन केईव्ही यातच जातात.

धागाकर्ता: २० सेंटिमीटरच आहेत! उगमबिंदू सरकवून पुन्हा चालवतो, आकडे इथेच टाकेन.