प्रति: घोटा मुरगळला, एक्स-रे काढावा का?

सूज आली म्हणजे हाड मोडलंच, असं या प्रश्नावरच्या एका उत्तरात म्हटलंय. पण नुसतं लिगामेंट (हाडांना जोडणारा पट्टा) ताणलं तरी घोटा टम्म फुगतो. कॅनडातल्या ओटावात १९९२ साली मांडलेले, एक्स-रे कधी काढायचा याचे नियम बघा. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांची टोकं किंवा मागची कड (खालचे ६ सेंमी) दाबल्यावर दुखली, किंवा चार पावलंही टाकता येत नसतील, तर एक्स-रे हवाच. करंगळीच्या रेषेत पावलाच्या मध्यावरचं हाडही दाबून बघायचं, ते हमखास विसरलं जातं. लहान मुलांना मात्र थेट डॉक्टरांकडे न्या.

आणि गरम तेलाने रगडणं पहिले दोन-तीन दिवस तरी नको, आजी कितीही मागे लागली तरी! दुखणं उतरल्यावर एका पायावर तोल सांभाळायचा व्यायाम करा, नाहीतर तोच पाय पुन्हा मुरगळतो.