आईसाठी स्तोत्रं आणि भजनं सुचवा (मदत हवी आहे)

सर्वांना सलाम. बाबा गेल्यापासून आईची झोप उडाली आहे. दिवस कामात निघून जातो, पण रात्री दिवा बंद केला की जीव घाबराघुबरा होतो. डॉक्टरांचं औषध चालू आहे, ते बंद करणार नाही. चर्चच्या पाळकसाहेबांनी झोपण्याआधी पवित्र शास्त्रातली (बायबलमधली) स्तोत्रं वाचायला सांगितली. 23वं आणि 121वं तिला पाठच आहे. पण खरा धीर दिला तो 42व्या स्तोत्राने. तिथे माणूस आपल्याच खिन्न जिवाला विचारतो, का तळमळतोस, आणि देवाची आशा धरूनही तोच प्रश्न शेवटी पुन्हा विचारतो. 'विश्वास असेल तर रडू नये' म्हणणाऱ्यांपेक्षा आईला हे जवळचं वाटतं. मलाही ते पटतं.

अशी आणखी कोणती स्तोत्रं वाचावीत? आणि ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं जुन्या संथ चालीत, नुसत्या पेटी-टाळावर गायलेली कुठे ऐकायला मिळतील? आईचं माहेर नगरकडचं, त्या चाली लहानपणापासून तिच्या कानात आहेत. हल्लीचा मोठा कीबोर्ड तिला सोसत नाही. मोठ्या अक्षरातलं मराठी पवित्र शास्त्र पुण्यात कुठे मिळतं, तेही कृपया कळवा.